विटांत साठवलेलं ऊन

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत कपडे शिवणारे अनेक कारखाने आहेत. शिवलेला शर्ट शेवटी प्रेसिंग टेबलावर येतो. इस्त्रीला वाफेची नळी जोडलेली असते. बटण दाबलं की वाफ कापडात शिरते, पायाखालचं पॅडल दाबलं की टेबल ती ओढून घेतं. अशी वाफ देणारे बॉयलर लाकूड, ब्रिकेट (भुसा दाबून केलेले इंधनाचे ठोकळे) किंवा डिझेलवर चालतात.

याच राज्यात, तुमकुरू जिल्ह्यात, पावगड्याचा 2,050 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. त्यासाठी शेतकऱ्यांनी सुमारे 13,000 एकर जमीन विकली नाही, भाड्याने दिली. दुपारी तिथे वीज भरपूर, सूर्य मावळला की शून्य. ही दुपारची वीज बॉयलरपर्यंत का जात नाही?

जाऊ शकते, आणि त्यासाठी महागडी बॅटरीच हवी असं नाही. उष्णतारोधक पेटीत विटा रचायच्या, त्यांत विजेच्या तारा तापवायच्या. विटा हजार अंशांच्या वर जातात. रात्री त्यांतून हवा फिरवली की ती तापून वाफ बनवते. एक टन वीट 800 अंशांनी तापवली तर साधारण 220 युनिट उष्णता साठते. दुखरं अंग शेकायला फडक्यात गुंडाळलेली गरम वीट वापरणाऱ्या घरांना हे तत्त्व नवं नाही. मात्र या उष्णतेची पुन्हा वीज करायला गेलं, तर निम्म्याहून जास्त वाया जाते. ती उष्णता म्हणूनच वापरली पाहिजे.

कॅलिफोर्नियात ‘रोंडो’ कंपनीची विटांची साठवण 2023 पासून एका इंधन कारखान्याला उष्णता पुरवते. फिनलंडमध्ये कांकानपा गावी 2022 साली वाळूत उष्णता साठवून घरं उबदार ठेवायला सुरुवात झाली. आपल्या लातूरलाही महानंद डेअरीत ‘अरुण’ नावाच्या 160 चौरस मीटरच्या सौर तबकडीने तापवलेलं पाणी दाबाखाली टाकीत साठवून दुधाच्या पाश्चरीकरणाला वापरलं गेलं. तिथे मध्ये वीज नव्हती, पण ऊन साठवून कारखाना चालवणं आपल्याकडे करून झालेलं आहे.

अडचण दराची आहे. ब्रिकेट स्वस्त असल्याने तिथे विजेने तापवलेल्या विटा टिकणार नाहीत. डिझेलचं गणित वेगळं: लिटरमागे सुमारे 10 युनिट उष्णता, म्हणजे 90 रुपये लिटरने युनिटला 9 रुपये, बॉयलरमधली गळती वेगळीच. केंद्राच्या 2023च्या नियमांनुसार उद्योगांना सौर तासांत वीज किमान 20 टक्के स्वस्त मिळायला हवी. पीण्यातल्या डिझेलवाल्या कारखानदारांनी आपलं वीजबिल आणि डिझेलचं बिल एकदा शेजारी ठेवून पाहावं.