मालवाहू गाडी घेताना डीलरशी सौदा कसा करावा?

सेनगाव तालुक्यातील साखरा आणि आसपासच्या गावांतून आठवडी बाजार करणारे आमचे बागवान, मनियार, अत्तार व कापडवाले बांधव वर्षानुवर्षे भाड्याच्या टेम्पोत माल टाकून फिरतात. चार पैसे गाठीला जमले की स्वतःची गाडी घेण्याचा विचार मनात येतो, आणि तो योग्यच आहे. परंतु आम्ही एक गोष्ट पुष्कळदा पाहिली आहे. मंडीत केळीच्या भावात शेकड्यामागे दोन रुपये कमी करून घेण्यासाठी जो माणूस अर्धा तास घासाघीस करतो, तोच शोरूमच्या थंडगार खोलीत खुर्चीवर बसला की दहा मिनिटांत सही करून मोकळा होतो. समोरच्या छापील कागदावरची किंमत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्या कागदावरच्या काही रकमा खरोखर ठरलेल्या असतात आणि काही मुळीच ठरलेल्या नसतात. कोणती कुठली हे ओळखता आले की सौद्याचे निम्मे काम झाले.

आपल्या भागात मालासाठी दोन प्रकारच्या गाड्या चालतात. एक तीनचाकी. पियाजिओ कंपनीने १९९९ साली बारामतीच्या कारखान्यातून ‘ॲपे’ काढली आणि तिचे नाव इतके रुळले की आज कोणत्याही कंपनीच्या तीनचाकीला लोक ॲपेच म्हणतात. (त्याच वर्षी १ मे रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला.) दुसरी ‘छोटा हत्ती’, म्हणजे २००५ साली बाजारात आलेली टाटा एस आणि तिच्या जातीच्या इतर छोट्या चारचाकी. अलीकडे तरुण मंडळी जाड चाकांच्या, हँडलच्या, ‘एटीव्ही’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाडीचीही चौकशी करतात. शेतात, वाळूत ती चांगली चालते हे खरे. पण अशा बहुतेक गाड्या रस्त्याबाहेरच्या वापरासाठी विकल्या जातात व त्यांचे आरटीओत पासिंग होत नाही. तेव्हा त्या गाडीच्या डीलरला भाव विचारण्याआधी पासिंग विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.

आता कोटेशनकडे वळू. सर्वांत वर असते एक्स-शोरूम किंमत. ही कंपनी ठरवते व तिच्यातच जीएसटी धरलेला असतो. येथे एक महत्त्वाचा बदल ध्यानात ठेवला पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तीनचाकी आणि मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. हिशेबापुरते समजा की पूर्वी गाडीची एक्स-शोरूम किंमत तीन लाख रुपये होती. त्यात मूळ किंमत २,३४,३७५ रुपये आणि बाकी कर. मूळ किंमत तीच ठेवून १८ टक्के कर लावला तर आकडा येतो सुमारे २,७६,५६० रुपये. फरक तेवीस हजारांहून अधिक. म्हणून कोणाच्या घरी पडलेले जुने कोटेशन घेऊन भावाची तुलना करू नये. तसेच करकपातीने उतरलेल्या किमतीला कोणी ‘खास तुमच्यासाठी सूट’ म्हणत असेल, तर ती सूट सरकारने दिली आहे, डीलरने नव्हे, हे त्याला हसतमुखाने सांगावे.

डीलरची सूट म्हणजे त्याला कंपनीकडून मिळणाऱ्या कमिशनातून तो जे सोडतो ते. ती मागावी लागते. रोख सूट देता येत नाही असे उत्तर आले तर पहिल्या दोन सर्व्हिसचे ऑइल, ताडपत्री, स्टेपनी, अशा वस्तूंवर बोलणे न्यावे. मात्र फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत डीलर सांगेल ती धरू नका. आपल्याच बाजारातील ताडपत्रीवाला व सीटकव्हर शिवणारा कारागीर काय घेईल, ती धरा. आमचे तर मत असे आहे की सीट, जाळी, कॅरिअर ही कामे गावच्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावीत, स्वस्तही पडतात आणि पैसा आपल्याच कारागिरांच्या हातात राहतो. फक्त वायरिंगला बाहेरच्या माणसाचा हात लागू देऊ नये. उद्या बिघाड झाला तर कंपनी वॉरंटी नाकारण्यास तेच कारण पुढे करते.

एक्स-शोरूमच्या खाली रस्ता कर व नोंदणी शुल्क येते. हे शासनाचे पैसे आहेत, यात घासाघीस नाही. पण सरकारी पावतीवर जेवढा आकडा, तेवढाच द्यावा. कोटेशनवर गोल आकडा आणि पावतीवर कमी आकडा असे दिसले, तर मधली रक्कम कोठे गेली हे विचारण्याचा आपला हक्क आहे. त्याच्याही खाली काही ओळी बारीक अक्षरात असतात: हँडलिंग चार्ज, नंबर प्लेट, परमिट, फाइल खर्च. आमच्या अनुभवाप्रमाणे खरा सौदा याच ओळींत लपलेला असतो. १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या गाड्यांबरोबर उच्च सुरक्षा नंबर प्लेट कंपनीनेच द्यायची असते, तिचे वेगळे पैसे मागितले तर कारण विचारावे. परमिटचेही तसेच. मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालासह एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. तीनचाकी आणि बहुतेक छोटे हत्ती या मर्यादेत बसतात. असे असताना ‘परमिट’ या नावाखाली रक्कम दिसली तर ती खोडून घ्यावी. हँडलिंगची रक्कम कशाची, हे पावतीवर लिहून द्या म्हणावे. लिहून देण्याची वेळ आली की हा आकडा पुष्कळदा आपोआप आक्रसतो.

विम्याबाबत लोकांचा मोठा गैरसमज आहे. गाडी ज्याच्याकडून घेतली त्याच्याचकडून विमा घेतला पाहिजे असे कोणतेही बंधन नाही. तृतीय पक्ष विम्याचा दर शासनाने ठरवलेला असतो, तो कोठेही सारखाच. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो त्याचा हप्ता कंपनीगणिक बदलतो. म्हणून शोरूमला जाण्यापूर्वी हिंगोलीतील एखाद्या विमा एजंटाकडून त्याच गाडीचा, त्याच किमतीचा आकडा लिहून आणावा आणि डीलरसमोर ठेवावा. ज्यांच्याकडे आधीची मालवाहू गाडी आहे त्यांनी आणखी एक गोष्ट विसरू नये. ओळीने पाच वर्षे क्लेम घेतला नसेल तर नुकसानीच्या भागावरील सवलत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते, आणि ही सवलत गाडीची नसून मालकाची असते. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून तसे पत्र घेतले तर त्याच वर्गातील नव्या गाडीला ती लागू होते. कित्येकांनी हे पत्र न घेतल्याने हजारो रुपये सोडून दिले आहेत.

सौद्याला कोणत्या वेळी जावे, हेही महत्त्वाचे. डीलरला कंपनीने महिन्याचे, तिमाहीचे उद्दिष्ट दिलेले असते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ताठ असलेला माणूस शेवटच्या दोन दिवसांत मऊ होतो. डीलरची गरज किमतीवर काय परिणाम करते, हे साऱ्या देशाने एकदा पाहिले आहे. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांच्या विक्रीवर बंदी घातली, आणि पुढचे दोन दिवस शोरूमसमोर रांगा लागल्या. कालपर्यंत ‘एक रुपयाही कमी होणार नाही’ म्हणणारे दुचाकींवरसुद्धा हजारो रुपये सोडत होते. असा योग रोज येत नाही, परंतु वर्षअखेरीस लहान प्रमाणात येतोच. जानेवारीत जुन्या वर्षाची गाडी शोरूममध्ये उभी असते. ती घ्यायला हरकत नाही, पण पुढे विकताना गिऱ्हाईक निर्मितीचे वर्ष पाहते. म्हणून चॅसिस नंबरवरून निर्मितीचा महिना व वर्ष विचारून घ्यावे आणि त्या मानाने किंमत उतरवून मागावी. दिवाळीच्या आठवड्यात मात्र जाऊ नये. गर्दी असताना कोणता दुकानदार भाव कमी करतो? आपणही करत नाही.

आता पैशाचा प्रश्न. आमच्या वाचकांपैकी बरेच जण व्याजाचा व्यवहार टाळतात आणि रोखीने गाडी घेतात. त्यांना वाटते की रोखीचा ग्राहक पाहून डीलर खूश होईल. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. कर्जाचा ग्राहक दिला की डीलरला फायनान्स कंपनीकडून कमिशन मिळते, रोखीच्या ग्राहकावर ते बुडते. म्हणून बोलणीच्या सुरुवातीलाच ‘मी रोख देणार’ असे सांगण्याची घाई करू नये. आधी गाडीची किंमत लेखी ठरवावी, पैसे कसे देणार ते नंतर. विचारलेच तर ‘किंमत ठरू द्या, मग पाहू’ म्हणावे. गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. खोटे मात्र बोलू नये, दुसऱ्या डीलरचा न मिळालेला भाव मिळाला म्हणून सांगू नये. हिंगोली, रिसोड, जिंतूर ही गावे काही इतकी लांब नाहीत. एक चक्कर मारून खरे कोटेशन आणता येते आणि खऱ्या कागदाचे वजन वेगळेच असते.

रोखीने म्हणजे नोटांनी नव्हे, हेही लक्षात घ्या. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम नोटांनी स्वीकारण्यास मनाई आहे. दोन-चार दिवसांत तुकडे करून दिली तरी व्यवहार एकच धरला जातो. दंड घेणाऱ्याला होतो व तो घेतलेल्या रकमेएवढाच असतो, म्हणून प्रामाणिक डीलर नोटा घेणार नाही, आणि जो घेईल त्याच्या बिलावर विश्वास ठेवू नये. रक्कम बँकेतूनच द्यावी. मेहुण्याकडून, मित्राकडून हातउसने घेत असाल तर तेसुद्धा वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक असल्यास खात्यातूनच घ्यावेत, असा कायदा आहे. भिशीचे पैसे गाडीला लावणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी कोणी किती व कधी दिले याची वही नीट ठेवावी. दोघा भावांनी मिळून गाडी घेतली तरी आरसी एकाच्याच नावावर निघते, तेव्हा हिस्सा किती आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हे स्टॅम्प पेपरवर लिहून ठेवलेले बरे. प्रेमापोटी न लिहिलेल्या कागदांवरून घरे तुटलेली आम्ही पाहिली आहेत.

ज्यांना कर्ज घ्यावेच लागते त्यांना फसवणारा शब्द म्हणजे ‘फ्लॅट रेट’. दोन लाख रुपये, तीन वर्षे, दहा टक्के फ्लॅट, म्हणजे व्याज साठ हजार आणि महिन्याचा हप्ता सुमारे ७,२२२ रुपये. ऐकायला दहा टक्के. परंतु आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असताना व्याज मात्र पूर्ण दोन लाखांवर लावले जाते. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर तो दर जवळजवळ १८ टक्के पडतो. हप्ता किती हे विचारून थांबू नये. एकूण किती पैसे परत जाणार, फाइल शुल्क किती, मुदतीआधी फेडले तर दंड किती, हे तिन्ही विचारावे. कर्ज फिटले की फायनान्सकडून ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ घेऊन आरसीवरील बोजा उतरवून घ्यावा. नाहीतर गाडी विकताना पायपीट होते.

जुनी गाडी देऊन नवी घेताना दोन्ही सौदे एकत्र करू नयेत. जुनीला पाच हजार वाढवून द्यायचे आणि नवीची सूट तेवढ्यानेच कमी करायची, ही जुनी रीत आहे. आधी नव्या गाडीची किंमत पक्की करावी, मग जुनीचा विषय काढावा. त्याआधी आपल्याच बाजारात जुनीला काय भाव येतो याचा अंदाज घ्यावा.

जीएसटी नंबर असलेल्या व्यापाऱ्यांनी (किराणा, हार्डवेअर, फर्निचरवाले) बिलावर आपला नंबर जरूर घालून घ्यावा, कारण मालवाहू गाडीवर भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना ती मिळत नाही. ताजी फळे, भाज्या आणि काचेच्या बांगड्या यांवर मुळात जीएसटीच नाही, त्यामुळे केवळ तोच माल विकणाऱ्या बागवान व मनियार बांधवांना हा लाभ नाही. आपल्या कर सल्लागाराला गाडी घेण्याआधी विचारावे, नंतर नव्हे.

लहान गावात सब-डीलर असतो. ओळखीचा, शेजारचा माणूस. त्याच्याकडून घेण्यात गैर काही नाही, उलट आमचा कल तिकडेच आहे. बाजाराच्या दिवशी माल भरलेली गाडी रस्त्यात बंद पडली तर नांदेडचा दोन हजारांनी स्वस्त डीलर धावून येणार नाही, येईल तो जवळचाच. शेवटच्या पाचशे रुपयांसाठी त्याला कोंडीत पकडू नये. पण इसार देताना बिल कोणाच्या नावाने निघणार आणि पैसे कोणाच्या खात्यात जाणार, हे पाहावे. मुख्य डीलरच्या खात्यात पैसे भरून त्याचीच पावती घ्यावी. गाडी ठरलेल्या तारखेला मिळाली नाही तर इसार पूर्ण परत, हे वाक्य पावतीवर लिहून घ्यावे.

गैरप्रकार झालाच तर ‘आम्ही धंद्यासाठी गाडी घेतली, आम्हाला ग्राहक मंचाचा काय उपयोग’ असे समजून गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जो माणूस केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः राबून वस्तू वापरतो, तो ग्राहकच ठरतो. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगात फी लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यासाठी हातात कोटेशन, पावत्या आणि बिल असले पाहिजे. तोंडी आश्वासनाला तेथे किंमत नाही.

गाडी आणायला जाताना उजेडी जावे, संध्याकाळी नको. बिलावरचा चॅसिस व इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. टायर, बॅटरी, स्टेपनी, जॅक, हत्यारांची पिशवी आणि दोन्ही किल्ल्या तपासाव्यात, मीटरवर किती किलोमीटर पडले आहेत ते पाहावे. तात्पुरती का होईना, नोंदणी झाल्याशिवाय डीलरने गाडी ताब्यात देऊ नये असा नियम आहे. तेव्हा नोंदणीचा व विम्याचा कागद हातात घेऊनच गाडी फाटकाबाहेर काढावी आणि उरलेली कागदपत्रे कोणत्या तारखेला मिळतील ते त्याच वेळी लिहून घ्यावे.