शाईचा वास आणि शाईचे अत्तर

अंबत्तूर हे चेन्नईचे एक उपनगर. १९६४ साली येथे औद्योगिक वसाहत स्थापन झाली. त्या काळी कचेरीतील मेजावर फाउंटन पेन आणि शाईची बाटली ही नित्याची सामग्री असे. येथील हवा वर्षाचा बराच काळ उष्ण व दमट असते. अशा हवेत शाईची बाटली उघडी राहिली, तर शाईवर कधी कधी पांढुरकी साय धरते. ही साय म्हणजे बुरशी होय. तिचे तंतू पेनात शिरले, की निबेकडे जाणारी सूक्ष्म वाट बुजते.

शाईला वास का येतो, याचे उत्तर या बुरशीतच आहे. शाईत मुख्य भाग पाण्याचा. मायफळ, हिराकस व डिंक यांपासून केलेल्या जुन्या शाईत तर बुरशीला अन्नही आयते मिळे. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड व वड्या करण्यास आरंभ केला. कोरड्या पुडीला बुरशीचे भय नसते. ते पाणी घातल्यावर सुरू होते. म्हणून बाटलीतील शाईत कारखानदार फिनॉल, म्हणजेच कार्बॉलिक आम्ल, घालीत. जोसेफ लिस्टर या शस्त्रवैद्याने १८६५ साली जखमांसाठी वापरलेले द्रव्य ते हेच. जुन्या शाईला दवाखान्यासारखा वास येई, तो यामुळे. फिनॉल विषारी असल्याने पुढे अनेकांनी दुसरी परिरक्षके स्वीकारली.

युरोपातील जुन्या कृतींत याच कामासाठी लवंगा टाकण्यास सांगितलेले आढळते. ही केवळ हौस नव्हती. लवंगेतील युजेनॉल हे रासायनिक दृष्ट्या फिनॉलच्याच कुळातले. चीनमध्ये मात्र शाईच्या कांडीत कापूर व कस्तुरी घालीत, ती सरसाचा दर्प झाकण्यासाठी. फ्रान्समधील एर्बँ या जुन्या पेढीने फाउंटन पेनासाठी गुलाब, लव्हेंडर इत्यादींच्या सुगंधी शायाही काढल्या.

अशी शाई घरीच करावी, असे कोणास वाटणे स्वाभाविक आहे. येथे सावध राहावे. कनोजचे पारंपरिक अत्तर चंदनाच्या तेलात उतरवलेले असते, आणि तेल पाण्यात विरघळत नाही. ते शाईवर तरंगते, किंवा पेनातील बारीक खाचांत चिकटून बसते. शाई त्या खाचांतून केशाकर्षणाने वाहते. भिंतींना तेलाचा लेप बसला, की पाणी त्यांना धरत नाही व लिहिता लिहिता अक्षर तुटते. शिवाय काही सुगंधी तेले विशिष्ट प्लॅस्टिकला मऊ करतात. हौशी माणसाचे आवडते पेन बहुधा असेच निकामी होते!

गुलाबपाणी शाईत सहज मिसळते खरे. परंतु त्याने परिरक्षक द्रव्य पातळ होते, आणि अंबत्तूरसारख्या हवेत बुरशीला वाट मोकळी होते. सुगंध तर बाष्परूपाने लवकरच उडून जातो. मुद्दाम तयार केलेली सुगंधी शाई वापरावयाची असल्यास पेन दर भरणीपूर्वी थंड पाण्याने धुवावे, आणि उरलेली शाई पुन्हा बाटलीत ओतू नये.