गरीब बेटाची पलटण

प्रांताच्या नावाने ओळखली जाणारी पलटण आपल्याला नवी नाही. मराठा, डोग्रा, कुमाऊँ ही नावे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इटलीत मात्र उलटा प्रकार होता. १८६१ मध्ये देश एक झाला, पण माणसे एक व्हायची होती. म्हणून पायदळाच्या रेजिमेंटमध्ये निरनिराळ्या प्रांतांतले जवान मुद्दाम एकत्र घालायचे आणि त्यांना घरापासून दूर ठेवायचे, असा शिरस्ता पडला. पहाडी अल्पिनी दल सोडले तर या शिरस्त्याला ठळक अपवाद ठरल्या सार्डिनिया बेटावरच्या १५१ व १५२ क्रमांकाच्या रेजिमेंट. दोन्ही मिळून झाली 'ससारी' ब्रिगेड.

मार्च १९१५ मध्ये सिन्नाई गावी १५१ वी आणि तेंपिओ येथे १५२ वी उभी राहिली. भरती मुख्यतः बेटावरचीच: मेंढपाळ, शेतमजूर, खाणकामगार. बोली सार्डिनियन. त्याच उन्हाळ्यात त्यांना ऑस्ट्रियाविरुद्ध कार्सोच्या खडकाळ पठारावर नेले गेले. नोव्हेंबरात त्यांनी काबीज केलेल्या खंदकांमुळे सेनेच्या अधिकृत युद्धपत्रकात ब्रिगेडचे नाव आले. पुढे आसिआगो, बाइन्सित्सा, कापोरेत्तोनंतरची माघार आणि जानेवारी १९१८ मधली डोंगरांवरची चढाई. दोन्ही रेजिमेंटच्या निशाणांना शौर्याचे सुवर्णपदक प्रत्येकी दोनदा मिळाले.

या पराक्रमाची दुसरी बाजू १५१ व्या रेजिमेंटच्याच एका अधिकाऱ्याने लिहून ठेवली. एमिलिओ लुसू त्याचे नाव. फासिस्टांच्या स्थानबद्धतेतून १९२९ मध्ये तो निसटला आणि परदेशात राहून त्याने आसिआगोवरच्या एका वर्षाची हकिगत लिहिली. ती १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली. मी ती इंग्रजीतून वाचली. ब्रँडी पाजून चढवलेले हल्ले आणि जवानांच्या जिवाची फिकीर नसलेले सेनानी त्यात भेटतात. जयघोष कुठेच ऐकू येत नाही.

पण मला या ब्रिगेडची खरी कसोटी वाटते ती युद्ध संपल्यावरची. १९१९ मध्ये तुरीन शहरात कामगारांचे लढे पेटले होते. ते दडपण्यासाठी सरकारने ससारी ब्रिगेड तिथे आणली. बेटावरच्या शेतकऱ्याला शहरी कामगाराचे प्रेम कशाला असणार, हा हिशेब. तुरीनमध्ये तेव्हा अंतोनिओ ग्राम्शी होता, तोही सार्डिनियाचाच. त्याने पुढे एक प्रसंग नोंदवला आहे. ससारीचाच एक कामगार जवानाला विचारतो, इथे कशाला आलात? जवान सांगतो, संपवाल्या श्रीमंतांवर गोळ्या झाडायला. अरे, संप करणारे गरीब आहेत, असे सांगूनही त्याला पटत नाही. टाय लावणारा, दिवसाला तीस लिरा मिळवणारा माणूस गरीब कसा? गावाकडच्या मजुराला मिळतो दीड लिरा! मग मी संपात उतरलो तर मलाही मारशील? यावर जवान क्षणभर विचारात पडतो, त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि त्या दिवशी घरीच राहा, असे बजावतो.

ग्राम्शीने आणि त्याच्या सोबत्यांनी या जवानांत प्रचार चालू ठेवला. २० व २१ जुलैच्या सार्वत्रिक संपाच्या तोंडावर ब्रिगेड तुरीनमधून हलवण्यात आली. १९२१ मध्ये लुसू आणि इतर माजी सैनिकांनी बेटाच्या स्वायत्ततेसाठी सार्डिनियन कृती पक्ष काढला.

मेंढपाळ आणि मजूर खंदकात तीन वर्षे शेजारी राहिले, तेव्हा आपली गरिबी एकट्याची नाही हे त्यांना उमगले. सरकारने त्यांना लढण्यासाठी एकत्र आणले होते. एकत्र आल्यावर ते प्रश्नही विचारू लागले.