सॉफ्टवेअरचे दस्तऐवजीकरण : नव्या मांडणीशैलीची चाचणी

प्रस्तावना : सॉफ्टवेअर कसे वापरावे हे सांगणाऱ्या लेखनास दस्तऐवजीकरण असे म्हणतात. पायथॉन या संगणकभाषेच्या दस्तऐवजांसाठी निर्माण झालेली ‘स्फिंक्स’ ही प्रणाली २००८ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. या प्रणालीत मजकूर आणि त्याची मांडणीशैली, म्हणजेच ‘थीम’, परस्परांपासून स्वतंत्र असतात. त्यामुळे मजकुरास हात न लावता शैली बदलता येते.

नमुना दस्तऐवज : नव्या शैलीच्या चाचणीसाठी एक नमुना दस्तऐवज तयार करतात. त्यात शीर्षकांच्या सर्व पातळ्या, यादीच्या पोटातील याद्या, रुंद तक्ते, लांबलचक ओळींचा प्रोग्रॅम, तळटीपा व धोक्याच्या सूचना हेतुतः एकत्र आणलेल्या असतात. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर तक्ता कापला जातो काय, अक्षरे व पार्श्वभूमी यांतील रंगभेद पुरेसा आहे काय, हे तेथेच उमगते. शैली निवडू इच्छिणाऱ्यांसमोर प्रदर्शन म्हणूनही हाच दस्तऐवज ठेवला जातो.

देवनागरीचा प्रश्न : केवळ रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून ओळींतील अंतर ठरविल्यास देवनागरीतील रफार व उकार लगतच्या ओळींना भिडू शकतात. नमुन्यात मराठी परिच्छेदच नसेल, तर हा दोष दृष्टीस पडत नाही.

निष्कर्ष : ‘या आज्ञेने सर्व माहिती कायमची पुसली जाईल’ ही सूचना इतर मजकुरात हरवली, तर वाचकाचे श्रम क्षणात वाया जातात. म्हणून अडचणीच्या वेळी वाचकास आवश्यक ते तत्काळ दिसणे, हीच मांडणीशैलीची खरी कसोटी होय.