बॉयकॉट: आडनावाचा झाला शब्द

‘बॉयकॉट’ हे मुळात एका माणसाचं आडनाव आहे! चार्ल्स बॉयकॉट हा इंग्रज कॅप्टन आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्नच्या जमिनींचा कारभार पाहत असे. १८८० मध्ये कुळांनी खंड कमी करून मागितला, तेव्हा त्याने त्यांना जमिनीवरून हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या. त्याआधी काही दिवस आयरिश नेते पार्नेल यांनी एनिसच्या सभेत अशा प्रसंगी हिंसा न करता माणसाला वाळीत टाकण्याचा मार्ग सांगितला होता.

लोकांनी तेच केलं. गडी काम सोडून गेले, दुकानदारांनी माल नाकारला, टपालही पोहोचेना. पीक काढायला बाहेरून सुमारे ५० माणसं आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो सैनिक आणावे लागले. वर्षअखेरीस बॉयकॉटने आयर्लंड सोडलं.

त्याच वर्षी हे नाव वर्तमानपत्रांत क्रियापद म्हणून झळकलं. फ्रेंच आणि जर्मन भाषांनीही ते उचललं. आपल्याकडे लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीतला ‘बहिष्कार’ म्हणजे हाच बॉयकॉट.

वापरताना एक फरक लक्षात ठेवा: काम थांबवणं म्हणजे स्ट्राइक, व्यवहार किंवा सहभाग नाकारणं म्हणजे बॉयकॉट.