आठ भाकरींचा निवाडा

मुलांनो, अकोल्याहून अमरावतीला जाताना वाटेत मूर्तिजापूर लागते. समजा, फार पूर्वी दोन वाटसरू या रस्त्याने पायी निघाले. मूर्तिजापूरजवळ एका कडुनिंबाखाली ते जेवायला बसले. पहिल्याच्या शिदोरीत ज्वारीच्या ५ भाकरी होत्या, दुसऱ्याच्या शिदोरीत ३. इतक्यात बैलांचा एक व्यापारी तेथे आला. त्याच्याजवळ खायला काही नव्हते. दोघांनी त्याला आग्रहाने बसवले. तिघांनी आठही भाकरी सारख्या वाटून खाल्ल्या. (ठेचाही होता, पण त्याचा हिशेब कोणी धरला नाही!) निघताना व्यापाऱ्याने ८ रुपये पुढे ठेवले व म्हणाला, "योग्य तसे वाटून घ्या."

आता भांडण सुरू झाले. पहिला म्हणाला, "माझ्या भाकरी पाच, तर रुपयेही पाच. तुला तीन." दुसरा म्हणाला, "पाहुण्याला आपण दोघांनी जेवू घातले. चार-चार घेऊ." शेवटी दोघे काझीकडे गेले. काझीने पहिल्याला ७ रुपये दिले आणि दुसऱ्याला फक्त १!

हा अन्याय वाटतो ना? मग हिशेब करून पाहा. प्रत्येक भाकरीचे तीन तुकडे करा. एकूण २४ तुकडे झाले. प्रत्येकाने ८ तुकडे खाल्ले. पहिल्याचे तुकडे १५ होते. त्याने स्वतः ८ खाल्ले व ७ पाहुण्याला दिले. दुसऱ्याचे ९ होते. त्यानेही ८ खाल्ले. म्हणजे पाहुण्याच्या वाट्याला त्याचा एकच तुकडा आला.

तरीही पाच-तीनची वाटणी आपल्याला पटते, कारण व्यापारातील नफा आपण भांडवलाच्या प्रमाणात वाटतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' (इ. स. ११५०) या ग्रंथात असे उदाहरण आहे. तिघांचे भांडवल ५१, ६८ व ८५. त्याचे ३०० झाले, तर कोणाला किती? उत्तर : ७५, १०० व १२५. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये हा ग्रंथ फारसीत आणला. पण तेथे सगळे भांडवल धंद्यात असते. येथे मात्र भाकरी आणणाऱ्यांनीच बऱ्याचशा भाकरी खाल्ल्या. व्यापाऱ्याने एकट्याने आठही खाल्ल्या असत्या, तर पाच-तीन हेच बरोबर ठरले असते.

हे कोडे जुने आहे. अरबी ग्रंथांत ते हजरत अलींचा निवाडा म्हणून सांगितले जाते. इटलीच्या फिबोनाचीने १२०२ मधील आपल्या ग्रंथात ३ व २ रोट्या आणि ५ नाणी घेऊन असेच गणित घातले. तेथे वाटणी ४ व १ अशी येते.

आता पहिल्याच्या ६ भाकरी व दुसऱ्याच्या २ धरा. पाहुण्याचे आठही रुपये पहिल्याचेच होतात. शिवाय दुसऱ्याने आपले ६ तुकडे खाऊन पहिल्याचे २ खाल्ले. त्याच दराने तोही २ रुपये देणे लागतो! सोबत्याकडून भाकरीचे पैसे घ्यावेत का? तुम्ही काझी असता, तर काय निवाडा दिला असता?