‘अंतिम पग’ला वाजणारी ती धून मूळची नाचाची!

खडकवासल्याच्या एनडीएची पासिंग आउट परेड तुम्ही रीलमध्ये पाहिलीच असेल. तीन वर्षं घाम गाळलेले कॅडेट संथ पावलांनी क्वार्टर डेकवरून जातात, ‘अंतिम पग’ ओलांडतात आणि इकडे बुलढाण्यात मोबाईलसमोर बसलेल्या एखाद्या आईचे डोळे पाणावतात. तेव्हा बँडवर वाजते ‘ऑल्ड लँग साइन’.

आता गंमत ऐका. निरोपाची वाटणारी ही चाल स्कॉटलंडमध्ये फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, वाजणाऱ्या नाचाच्या सुरावटींतून आलीये. 1760च्या सुमारास रॉबर्ट ब्रेमनरने छापलेल्या संग्रहात ‘द मिलर्स वेडिंग’ आहे. मराठीत सांगायचं तर ‘गिरणीवाल्याचं लग्न’! आजच्या चालीची ही जवळची नातलग. ठेका स्ट्रॅथस्पे नावाच्या नाचाचा.

शब्द कवी रॉबर्ट बर्न्सचे. जुनं लोकगीत त्याने 1788मध्ये नव्याने बांधलं. ते 1796मध्ये छापलं गेलं, पण वेगळ्याच चालीवर. त्याच वर्षी बर्न्स वारला. आजच्या चालीसोबत ते छापलं जॉर्ज थॉमसनने, 1799मध्ये. म्हणजे जग ज्या रूपात हे गाणं गातं, त्या रूपात छापलेलं ते खुद्द कवीने पाहिलंच नाही.

मग ही चाल आपल्या कानाला परकी का वाटत नाही? घरात पेटी असेल तर वाजवून बघा. सा रे ग प ध, बस. आपल्या भूप रागाचेच पाच स्वर. टागोरांनीही याच चालीवरून ‘पुरानो सेई दिनेर कथा’ हे बंगाली गाणं केलं.

आणि परेडची ती रील एकदा दुप्पट वेगाने लावा. नाच ऐकू येईल.